साखरबंदर हरतंय

शुक्र., १५ नोव्हें.

साखरबंदर परत हरलं. लागोपाठ तिसरी मॅच. सहा वर्षं कप दुसऱ्या कुणाला हात लावू न देणारी टीम, आणि आज ज्यांना लीगमध्ये कुणी विचारत नाही त्यांच्याकडून हरली. कुवेत शहराबाहेर, जहराच्या पुढे मोकळ्या वाळूत आमचं ग्राउंड, तिथे मुनाफने चटई झटकल्यासारखा टॉवेल फिरवत नाच केला. एवढा शहरात मिरकाबच्या ऑफिसात बसणारा माणूस, पोट सुटलेलं, पण साखरबंदर हरलं की त्याच्या अंगात येतं. "जिरली रे, जिरली एकदाची!"

आम्ही पडवेखारचे. खाडीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते. गावाला तरीच्या होडीतून पाच मिनिटं, पण क्रिकेटचं वैर कुवेतपर्यंत आलंय.

मी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते म्हणून. किती वर्षं या दिवसाची वाट बघितली, आणि आला तेव्हा काही म्हणजे काही वाटलं नाही.

सा.बं. हे माझ्या बायकोचं, नसीमाचं माहेर. घरात तिचा नियम होता. शुक्रवारी ज्याची टीम हरेल त्याने रात्री पेज खायची, दुसऱ्याने बिर्याणी. "आजारी माणसाला पेजच देतात," म्हणायची. सहा वर्षं बहुतेक शुक्रवार मीच आजारी. ती आणि आमची मुलगी सना माझ्यासमोर बसून बिर्याणी खायच्या, हाडं चोखत, मुद्दाम आवाज करत.

नसीमा मे महिन्यात गेली. आता सांगता आलं असतं, बाई, घे पेज.

येताना पार्सल आणलं. सनाने अर्धं ठेवलं.


सोम., १८ नोव्हें.

ग्रुपवर मुनाफने बुडणाऱ्या होडीचं चित्र टाकलं, होडीवर सा.बं.ची निळी टोपी. खाली चाळीस हसरे चेहरे. मीही एक टाकला. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मशीन बंद, इंजिनियरला फोन, बाकी काही नाही.


शुक्र., २९ नोव्हें.

सना मॅचला येते म्हणाली. तेरा वर्षांची आहे, मेपासून घरात हो-नाही एवढंच. विचारलं तर "फाइन" म्हणते. आज स्वतःहून गाडीत बसली. डोक्यावर नसीमाची निळी टोपी. मी बघितलं, गाडी सुरू केली.

ग्राउंडवर सरळ पलीकडे जाऊन मामीजवळ बसली. इक्बालची बायको शबाना, तिच्या शालीत शिरून. इक्बाल म्हणजे नसीमाचा धाकटा भाऊ, जहरात मोबाईलचं दुकान, सा.बं.चा कॅप्टन आणि कीपर. आज बॅटिंगला आला, दुसऱ्या बॉलला गेला. दोन चांगले बॉलर नोकरी सुटून कायमचे गावी गेलेत, बाकीचे कॅच सोडतात, आणि कॅप्टनला बॉल दिसत नाही. हरले.

मुनाफ माझ्या कानात: "पोर तिकडे कशाला बसवलीस?" मी म्हटलं, ती बसली.

परतीच्या वाटेवर सना म्हणाली, "देअर फील्डिंग इज पथेटिक. शॉर्ट लेगला कोण ठेवतं टेनिस बॉलला?" आठवड्यातलं पहिलं पूर्ण वाक्य. मी उत्तर द्यायला उशीर केला, तोवर ती खिडकीबाहेर बघायला लागली. थंडीचे तंबू उभे राहिलेत वाळूत, ते बघत.


शुक्र., ६ डिसें.

आज गाढवपणा झाला.

सा.बं. सकाळी हरलं. पूर्वी टीमांमध्येही चालायचं हे, जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांच्या कॅप्टनला पेजेचा डबा पाठवायचा. सहा वर्षं साखरबंदरने आम्हा सगळ्यांना पाठवला, वर लोणच्याची फोड. या वर्षी त्यांना कुणी पाठवला नव्हता. मुनाफने ठरवलं आपण पाठवायचा. आमची तर मॅचही नव्हती त्यांच्याशी आज. कुणाच्या तरी रूमवर पेज शिजली, स्टीलचा डबा भरला, आणि मुनाफ म्हणाला, "यासीन, तू जातोस ना जहराला सनाला आणायला? घेऊन जा." सना रात्री मामाकडे राहिली होती. मी घेतला डबा. गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला, सांडू नये म्हणून बेल्ट लावला. डोक्यात काहीच नव्हतं. कुणी वीट दिली असती तर वीट नेली असती.

इक्बालने दार उघडलं. डबा बघून हसला, हसायलाच हवं, रीतच आहे. "या दुल्हाभाय, तुमीच आणलात?" झाकण काढलं. वाफ. आणि मग तो तसाच बघत राहिला डब्यात. मला तेव्हा आठवलं. नसीमा गेली त्या दिवसांत याच लोकांनी पेज आणली होती आमच्याकडे, तीन दिवस, अशाच स्टीलच्या डब्यांतून. कुणाच्या घशाखाली दुसरं काही उतरत नव्हतं. इक्बाल माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून ती खात होता, उभ्याउभ्या.

त्याने आजही खाल्ली. दोन घास, उभ्याउभ्या. "मीठ बरोबर हाय," म्हणाला. शबाना आतून बाहेर आली नाही.

सना पॅसेजमध्ये बूट घालत होती. तिने सगळं बघितलं.

गाडीत ती मागच्या सीटवर बसली. घराजवळच्या जाब्रियाच्या एक्झिटला म्हणाली, "यू ब्रॉट इट. दे आस्क्ड अँड यू ब्रॉट इट." मी म्हटलं, मस्करी असते ती बेटा. "मम्मी कधी मामूला देत नव्हती. तुम्हालाच देत होती. घरात."

खरं आहे.


शनि., ७ डिसें.

मुनाफचा फोन. "काय बोलला कॅप्टन? तोंड बघण्यासारखं झालं असेल." मी म्हटलं, खाल्ली त्याने. "आणि?" आणि काही नाही. तो जरा हिरमुसला.

मुनाफ वाईट नाही. मे महिन्यात कबरीपासून कागदांपर्यंत सगळं त्यानेच केलं, मला सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं. त्याला वाटतं या मस्करीने मी माणसात येईन. माझ्यासाठीच नाचतो तो, हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

नसीमा गेली त्या दिवशी तिचं रक्त आमच्याच लॅबला आलं होतं. ड्यूटी माझी. नाव न वाचता मशीनला लावलं, आकडे बघून बाजूच्याला म्हणालो, ही बाई काही वाचत नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवतो.


शुक्र., २० डिसें.

इक्बाल आला, शबानाने केलेली सांदणं घेऊन. डब्याचा विषय काढला नाही. सना क्लासला होती, म्हणून आला असावा.

"दुल्हाभाय, रागावू नका. पोर दिवसभर एकटी असते. तुमची शिफ्ट, कधी सकाळ कधी रात. अम्मी म्हणते, पाठवून द्या गावाला माझ्याकडे. खाडीपलीकडची शाळा चांगली हाय आता. मार्चमध्ये वर्ष संपतं, दाखला काढा."

मी म्हटलं, आणि इथेच तुझ्याकडे जहरात राहिली तर?

"माझं दुकान कधीपर्यंत चालेल मलाच ठाऊक नाय."

तिला विचारतो म्हटलं. तो म्हणाला, विचारा. पण विचारू काय, हेच कळत नाही. जाशील का म्हटलं तर 'फाइन' म्हणेल. राहशील का म्हटलं तरी 'फाइन'. आणि मला काय हवंय ते मला माहीत नाही. घर रिकामं झालं तर काय होईल याचा विचार केला, तर आत्ता भरलेलं आहे का, हा प्रश्न येतो.


शुक्र., ३ जाने.

वारा, धूळ. मॅचेस रद्द. ग्रुपवर मुनाफ: "साखरबंदर आज हरलं नाही, अल्लाची मेहेरबानी." चांगला होता विनोद. नसीमाला सांगायला आवडलं असतं. तिने लाटणं दाखवलं असतं.


शुक्र., १७ जाने.

काल दुपारी घरी आलो तर आमच्या बिल्डिंगचा हारिस, म्हणजे वॉचमन, जिन्यात थांबलेला. सांगतो, बेटीला ताप आहे, खाली बकाल्यात, किराणा दुकानात, गोळ्या घ्यायला आली होती, हात भट्टीसारखा. वर गेलो. सना चादर घेऊन पडलेली. मला फोन का नाही केलास? "यू वर ॲट वर्क." कपाळावर हात ठेवला तर बाजूला झाली नाही, तेवढ्यावरून कळलं की ताप जास्त आहे.

खायला काय देऊ? अंडं, खुबूसची रोटी, सूपचं पाकीट. डोकं चालेना. म्हटलं, पेज करू? येत नाही मला, पण करू.

"नो. नॉट पेज." मग तोंड भिंतीकडे. "आपण हरलो नाही."

सूप दिलं. आज ताप उतरलाय. मॅचला गेलो नाही. सा.बं. हरलं, मुनाफने कळवलं.

इक्बालचंच बरोबर असेल. आजारी पोर गोळ्या आणायला स्वतः जिना उतरते, हे कसलं घर.


शुक्र., ३१ जाने.

आठ टीम. खालच्या दोन पुढच्या वर्षी बी ग्रुपमध्ये, म्हणजे दुपारच्या उन्हात मॅचेस, नावालाही कुणी बघायला येत नाही. सा.बं. खालून दुसरं. आमचं पडवेखार मधोमध. शेवटची मॅच जिंकलो तर पहिल्या चारात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि शेवटची मॅच कुणाशी, तर साखरबंदरशी. हरले तर ते गेले बी मध्ये.

मुनाफला झोप नाही. "यासीन, आपल्या हाताने त्यांना खाली ढकलायचं. कुवेत सोडेन तेव्हा हेच आठवत जाईन."

सनाला जेवताना सांगितलं. तिला माहीत होतं. टेबलवरच्या बिस्किटांनी पॉइंट टेबल मांडून दाखवलं मला, कोण हरलं तर काय होईल. निळी टीम म्हणजे चॉकलेटवालं बिस्किट. ते शेवटी तिने खाल्लं नाही, परत पुड्यात ठेवलं. चांगला वेळ बोललो आम्ही. दाखल्याचं विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं.


शुक्र., १४ फेब्रु.

इक्बाल शून्यावर. सहाव्यांदा की सातव्यांदा. आमचे लोक "पेज, पेज" ओरडत होते. तो बॅट टाकून वाळूत बसला, एकटा. त्याच्याकडे जावं असं वाटलं, पण बसूनच राहिलो. सना गेली. पाण्याची बाटली दिली आणि शेजारी बसली. दुरून मला क्षणभर नसीमाच वाटली, टोपीमुळे. तेव्हा छातीत दुखलं, खरंच दुखलं. बऱ्याच दिवसांनी.

शाळेतून मेसेज: दाखला हवा असेल तर महिनाअखेर कळवा.


गुरु., २० फेब्रु.

विचारलं शेवटी. नानीकडे जायचं का? सना म्हणाली, "तुम्हाला काय हवंय?" मी म्हटलं, तुझ्यासाठी जे बरं असेल ते. तिने मान हलवली. चुकीचं उत्तर दिलं मी, हे तेव्हाच कळलं. ती तिच्या खोलीत गेली, दार लोटलं. आपटलं नाही, लोटलं.

मुनाफचा फोन: उद्या आपल्या बॅटिंगला अंपायर तू. आमच्या लीगमध्ये अंपायर बॅटिंगवाल्यांचाच असतो, आणि आपल्या माणसाला कॉट बिहाइंड देणारा अंपायर अजून जन्माला यायचाय. दांडी उडाली तरी आधी नो-बॉल आठवून बघतात. "तुझा चेहरा सरळ हाय," मुनाफ म्हणाला. "तुझ्याशी कुणी भांडणार नाय." मेपासून माझ्याशी कुणी भांडलेलं नाही, तेही खरं.


शुक्र., २१ फेब्रु. (संध्याकाळ)

नीट लिहितो.

थंडी, वारा, मागे तंबूवाल्यांचा जनरेटर चालू. साखरबंदरने पहिली बॅटिंग केली. इक्बाल पहिल्यांदा टिकला, चांगला खेळला नाही, पण टिकला. आम्हाला करण्यासारखा स्कोअर. आमचे मधले लोक घाईत गेले. शेवटची जोडी उरली, तीन रन हवेत, समोर मुनाफ. घाम पुसत मला म्हणतो, "यासीन, बघ आता." मी बॉलरच्या बाजूला उभा. सना पलीकडे, दोन्ही हात टोपीवर.

त्यांच्या डावखुऱ्याने बॉल बाहेर टाकला. मुनाफने बॅट फिरवली. बॉल इक्बालच्या ग्लोव्हजमध्ये. अपील सगळ्यांनी केलं, पण जोर कुणात नव्हता. त्यांनाही माहीत होतं अंपायर पडवेखारचा आहे. बॉलर तर अर्धा वळून परत निघाला होता. इक्बाल ओरडलाच नाही. बॉल छातीशी धरून माझ्याकडे बघत राहिला.

कट लागली होती का? टेनिसचा बॉल, आवाज तो काय होणार. वरून वारा, जनरेटर. काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं. बॅट जमिनीला लागली असेल. लॅबमध्ये शंका आली की सॅम्पल परत लावतो. इथे ती सोय नव्हती.

मी बोट वर केलं.

आधी कुणाला कळलंच नाही. मुनाफ म्हणाला, "काय?" मग, "लागला नाय रे. यासीन, लागला नाय." भांडला नाही. बॅट काखेत धरून तो माझ्यासमोर उभा राहिला, आणि त्याचं तोंड बघवेना. मागे साखरबंदरवाले एकमेकांवर पडत होते. आमच्यातल्या एकाने मला आईवरून शिवी दिली. मुनाफने त्याला हाताने मागे सारलं, आणि सरळ गाडीकडे गेला.

जुम्म्याला पुढच्या मशिदीत गेलो, आमच्या लोकांच्या मशिदीत गेलो नाही.

इक्बालने डबा पाठवला नाही. नुसता मेसेज: "दुल्हाभाय, मला पण नाय कळलं लागला का." कीपरलाच कळलं नाही.


शनि., २२ फेब्रु.

काल रात्रीचं राहिलं.

आठच्या सुमारास सनाने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. भांड्यांचे आवाज. मी हॉलमध्ये बसलो, मुनाफला फोन लावला, त्याने उचलला नाही. मग तिने हाक मारली, "पप्पा, ईट."

टेबलवर माझ्या जागेसमोर वाडगा. पेज. पाणी एकीकडे, तांदूळ एकीकडे, खाली लागल्याचा वास, लोणच्याची फोड मधोमध बुडालेली. तिच्यासमोर हॉटेलची बिर्याणी. तिने कधी मागवली मला पत्ता नाही.

"तुमची टीम हरली," म्हणाली.

मीठ इतकं की जीभ आत ओढली गेली. मी खाल्ली. ती बिर्याणी खात होती, हाड चोखलं, आवाज करत. मुद्दाम. मग थांबली.

"वॉज ही आउट?"

मला म्हणता आलं असतं, हो. मी म्हटलं, माहीत नाही.

"मग दिलंत कशाला?"

वाडग्याकडे बघत म्हटलं, तू जाऊ नयेस असं मला वाटतं. प्रश्न काय, उत्तर काय.   तिने हाड ताटात ठेवलं. नंतर उठून माझ्या वाडग्यात अजून एक डाव पेज वाढली. मी तीही संपवली, रडत होतो तरी. तिने बघितलं, हसली नाही, उठून गेली नाही.


मंगळ., २५ फेब्रु.

कुवेतच्या नॅशनल डेची सुट्टी, सगळीकडे झेंडे. मुनाफच्या दारात गेलो. दार उघडलं त्याने, आत बोलावलं, चहा केला. टीव्हीवर आतषबाजी बघत बसलो. निघताना म्हणाला, "एवढंच सांग, आवाज आलेला काय?" मी म्हटलं, काहीतरी आलेला. त्याने बराच वेळ मान हलवली. माफ केलं की नाही, कळायला मार्ग नाही. ग्रुपवर अजून काही टाकत नाही तो. ग्रुप गप्प झालाय.


शुक्र., २८ फेब्रु.

शाळेला आज कळवायचं होतं. सकाळी इक्बालने विचारलं, काय ठरलं? अम्मी वाट बघतात. अजून नाही म्हटलं. तो "बरं" म्हणाला, नेहमीसारखं समजावत बसला नाही.

चंद्र दिसला, उद्यापासून रोजे. नसीमाशिवायचा पहिला रमजान. जमियातून, म्हणजे सोसायटीच्या दुकानातून सामान आणलं, सनाने यादी न करता ट्रॉली भरली, दोन गोष्टी तिच्या आईच्याच ब्रँडच्या. चंद्र बघून गच्चीवरून खाली आलो तेव्हा शाळेचा मेसेज उघडून फोन टेबलवर ठेवला, तिला दिसेल असा. वाचला तिने.

"लीग परत ऑक्टोबरला सुरू होते ना?"

हो म्हटलं.

"आणि मामू ए ग्रुपमध्येच?"

हो.

"म्हणजे सकाळच्या मॅचेस." तिने फोन उलटा करून ठेवला आणि तांदळाचा डबा उघडून आत बघत विचारलं, "पेजेत मीठ आधी घालतात की नंतर?"

मला माहीत नव्हतं. नानीला फोन लावला. तिकडे रिंग वाजत होती, सना स्पीकर ऑन करून थांबली होती.